काचवाल्या लॅबमधला जवळा

घिवलीतून बोईसरला एकट्याने जाता येत नाही. एसटी आहे, शेअर रिक्षा आहेत, रस्ताही आता बरा आहे. पण माणूस निघाला की त्याच्याबरोबर अर्ध्या आळीचं सामान निघतं. कुणाचा बिघडलेला मिक्सर, कुणाच्या लेकीचा डबा, कुणाच्या चष्म्याची मोडलेली दांडी. "बोईसरला चाललास ना, मग एवढं घेऊन जा," असं कुणी म्हणालं की नाही म्हणायची सोय नसते. म्हणालात तर कुणी भांडणार नाही. फक्त पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात ती गोष्ट निघेल.

हे पुरतं ठाऊक असल्यामुळेच धीरज राऊतने आपल्या मुलाखतीची बातमी गुप्त ठेवायचं ठरवलं होतं. मुलाखत होती बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका संशोधन प्रयोगशाळेत. तिचं नाव इतकं लांब आहे की पाटीवरही ते दोन ओळींत बसवलंय. इमारत निळ्या काचांची, म्हणून सगळे तिला काचवाली लॅबच म्हणतात. साबण, फिनेल आणि अगरबत्त्यांना लागणारे सुवास तिथे तयार होतात. मोगरा, चंदन, लिंबू, सगळं पिंपातून निघतं आणि यातल्या एकाचंही झाड आवारात नाही.

धीरज रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला, आणि गेली चार वर्षं घराच्या ओटीवर नववी-दहावीच्या शिकवण्या घेत होता. आळीत त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणत. पण ज्या सुरात म्हणत तो सूर काही चांगला नव्हता. कुणाची शेगडी पेटली नाही की "बोलवा शास्त्रज्ञाला". त्यात वडिलांनी, म्हणजे आत्मारामांनी, यंदा शेवटचं सांगून टाकलं होतं. चिकूच्या वाडीत दोन पुरुषांचं काम नाही. ही मुलाखत जमली तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून मनोरला मामाच्या सिमेंटच्या दुकानात बसायचं. मामाने तिकडे खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती. धीरजला सिमेंटचा राग नव्हता. सिमेंट हेही शेवटी रसायनच, असं तो मनाला समजावून पाहत होता. पण मन ऐकत नव्हतं. त्याला लॅब हवी होती. पांढरा कोट हवा होता. आणि कुणीतरी, एकदा तरी, साध्या सुरात 'शास्त्रज्ञ' म्हणायला हवं होतं.

बातमी फुटली ती टायमुळे. आईने तो इस्त्री करून अंगणातल्या दोरीवर टांगला. घिवलीत टाय दिसतो तो शाळेच्या गॅदरिंगला किंवा नवरदेवाच्या गळ्यात. गॅदरिंग तर होऊन गेलं होतं. तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत धीरजचं लग्न ठरल्याचं आळीभर झालं, पुढच्या दहा मिनिटांत मुलगी वाणगावची असल्याचंही कळलं, आणि ते खोडून काढण्यासाठी आईला खरं सांगावं लागलं. गुपित सांभाळायची तिची पद्धत अशी की ती प्रत्येकाला "कुनाला सांगू नका" असं बजावून सांगते.

पहिले आले रामाभाऊ. बत्तीस वर्षं एका कारखान्याच्या गेटवर कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. स्वतः त्यांनी जन्मात एकच मुलाखत दिली होती, तीही तीन मिनिटांची. पण शेकडो उमेदवारांना आत जाताना आणि बाहेर येताना त्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

"सायबाच्या डोल्यात बगायचं नाय," ते म्हणाले. "टायकडं बगायचं. आपल्या नाय, त्याच्या. आनि पाच वर्षांनी तू कुटं असशील असा विचारतील. विचारतातच. तेवा म्हनायचं, तुमच्या पायापाशी."

"रामाभाऊ, हल्ली असं नाही चालत."

"बत्तीस वर्षं हाय मी गेटवर," रामाभाऊ म्हणाले. या वाक्याला उत्तर नसतं. मग त्यांनी पाठीमागून मिक्सरचं भांडं काढलं. "पातं फिरत नाय याचं. बोईसरला जातोच हायस, तर टाकून दे दुकानात."

दुसरी आली शेजारची सुलूकाकी. तिच्या हातात प्लास्टिकची फुगलेली पिशवी होती आणि डोळ्यांत पाणी होतं; या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणसाने हत्यार टाकावं. तिची तेजल लग्न होऊन बोईसरला राहायची. तिला सातवा महिना लागला होता.

"काय खातच नाय रे पोर," सुलूकाकी म्हणाली. "काल फोनवर रडली. म्हने, आये, मला तुज्या हातचा सुका जवला पायजे. बोईसरचा नको, घिवलीचा पायजे. तुज्या वाटेवरच हाय तिचं घर."

जवळा म्हणजे नखाएवढीही नसलेली बारीक कोळंबी. ओली असते तेव्हा गरीब दिसते. उन्हात खडखडीत वाळली की मात्र ती आपलं अस्तित्व चार घरांपलीकडे कळवते. धीरजने पिशवीकडे पाहिलं, इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "काकी, वास?"

"तीन पिशव्यांत घातलाय, एकात एक. तीन गाठी मारल्यात. वास म्हनून येनार नाय."

तिसरे होते खुद्द वडील. निघायच्या सकाळी आत्मारामांनी दोन डझन चिकू कापडी पिशवीत भरून त्याच्या हातात दिले. "रिकाम्या हातानं कुनाच्या दारात जायचं नाय."

"बाबा, लाच समजतील ते."

"चिकूला कोन लाच म्हनतो?" आत्माराम म्हणाले आणि वाडीत निघून गेले. मागे वळून काही बोलायची त्यांची रीत नव्हती. पण त्या दिवशी ते कुंपणापाशी थांबले होते, एवढं धीरजला दिसलं.

अशा रीतीने गळ्यात टाय, काखेत फाईल, एका हातात चिकू, दुसऱ्या हातात जवळा आणि मिक्सरचं भांडं अशा थाटात आमचा शास्त्रज्ञ शेअर रिक्षात बसला. आधी तेजलकडे जवळा टाकायचा, मग मुलाखत, असा बेत होता. पण रिक्षा भरेपर्यंत सुटली नाही, आणि भरल्यावर वाटेत पंक्चर झाली. काचवाल्या लॅबच्या फाटकाशी तो उतरला तेव्हा मुलाखतीला बारा मिनिटं उरली होती. तेजलचं घर परतीवर ढकलण्याशिवाय इलाज नव्हता.

फाटकावर एक भय्या होता. भला माणूस, पण नियमाचा पक्का.

"सामान अंदर नहीं जाएगा," तो म्हणाला.

"तो इधर रखता हूँ."

"गेट पे भी नहीं रहेगा. लावारिस सामान नहीं रख सकते."

"तो किधर रखूँ?"

यावर भय्याने विचार केला आणि एक जाडजूड वही उघडली. आत जाणाऱ्या मालाची नोंदवही. जे नोंदवहीत चढतं ते आत जाऊ शकतं. जे चढत नाही ते जगातच नाही, असा त्या वहीचा एकूण बाणा होता. पहिलाच रकाना गाडीच्या नंबराचा. धीरज म्हणाला रिक्षाने आलो. भय्या म्हणाला, मग रिक्षाचा नंबर. धीरज टाय उडवत नाक्यापर्यंत धावला. रिक्षावाल्याला वाटलं हा तक्रार करणार, म्हणून त्याने नंबर सांगायच्या आधी आपल्या दोन मुलांची शिक्षणं सांगितली. घामाघूम होऊन धीरज परतला तेव्हा सहा मिनिटं उरली होती आणि त्याच्यामागे आणखी दोन उमेदवार येऊन उभे होते. त्यातल्या एकाने कोट घातला होता. तो फोनवर इंग्रजीत बोलत होता, आणि त्याच्या हातात एक चपटी लॅपटॉप बॅग सोडली तर काही म्हणजे काही नव्हतं.

भय्याने चिकू मोजले. चोवीस भरले. त्याने एक उचलून दाबून पाहिला. "तेईस लिखूँ?" त्याने हळूच विचारलं. धीरजने मान हलवली आणि चोविसावा चिकू खणात गेला. मिक्सरचं भांडं 'इक्विपमेंट, एक नग, खराब' असं चढलं. मग त्याने उरलेल्या पिशवीवर बोट ठेवलं.

"ये क्या है?"

इथे धीरजने खरं सांगायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण मागे तो कोटवाला उभा होता. संशोधक व्हायला आलेल्या माणसाने, टाय घालून, परक्या माणसांदेखत 'सुका जवळा' म्हणायचं? त्याची जीभ वळेना.

"सॅम्पल है," तो म्हणाला.

"काहे का?"

"ड्राय सॅम्पल. सीफूड का."

भय्याचा चेहरा उजळला, कारण सॅम्पलला वहीत स्वतंत्र पान होतं. त्याने पिशवीवर लाल चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर नंबर घातला आणि पिशवी आत पाठवून दिली. चिकू आणि भांडं स्टोअरमध्ये गेलं. जवळा मात्र नियमाप्रमाणे पहिल्या मजल्यावर, सॅम्पल रूममध्ये गेला. तिथला नियम असा की आलेलं सॅम्पल लगेच उघडायचं आणि त्याचा रंग, रूप, वास लिहून काढायचा. तिथल्या माणसाने नियम पाळला. तीनही गाठी त्याने कात्रीने कापल्या. रंगापुढे 'गुलाबी', रूपापुढे 'डोळे आहेत' असं लिहिलं. वासाचा रकाना कोरा ठेवून तो चहा प्यायला खाली निघून गेला. पिशवी टेबलावर उघडीच राहिली, आणि टेबलाच्या बरोबर वर सगळ्या इमारतीची हवा खेचून घेणारी एसीची जाळी होती.

धीरजला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला आत बोलावलं तेव्हा तो आनंदात होता. अकरा दिवस त्याने जाडजूड पुस्तकं पुन्हा वाचली होती. एस्टर कसे तयार होतात, कुठल्या रेणूला केळ्याचा वास येतो आणि कुठल्याला पेअरचा, हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

टेबलापलीकडे तिघं होती. मधे डॉ. शाह, लॅबचे प्रमुख, ज्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. डावीकडे समिधा मॅडम, नोकरभरतीच्या, ज्यांचं लक्ष फोनकडे होतं. उजवीकडे एक पिकल्या केसांचे डॉक्टर, ज्यांचं सगळं लक्ष बिस्किटांच्या बशीकडे होतं.

"घिवलीहून येता?" समिधा मॅडमनी विचारलं. "स्वतःची गाडी आहे?"

"नाही. पण रिक्षा..."

"शनिवारी याल?"

"हो."

"लग्न झालंय?"

"नाही. टायमुळे तसं वाटलं असेल," धीरज म्हणाला, आणि आपण हे का म्हणालो हे त्याचं त्यालाच कळेना.

डॉ. शाह म्हणाले, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

धीरजने कोऱ्या मनाने तोंड उघडलं, आणि आत कुठेतरी बत्तीस वर्षं गेटवर उभे असलेले रामाभाऊ पुढे सरसावले. "तुमच्या पायापाशी," तो म्हणाला.

बिस्किटवाल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. एस्टर कुणीच विचारले नाहीत. रेणू कुणीच विचारला नाही. अकरा दिवसांचा अभ्यास तसाच छातीत अडकून राहिला, आणि मुलाखत संपत आली आहे हे त्याला डॉ. शाहांच्या फाईल मिटण्यावरून कळलं. त्याला फार वाईट वाटलं. नापास होण्याचं नाही. न विचारताच नापास होण्याचं.

आणि तेवढ्यात एसीच्या झडपेतून पहिली झुळूक आली.

समिधा मॅडमनी डॉ. शाहांकडे पाहिलं. डॉ. शाहांनी धीरजकडे पाहिलं. धीरजने रामाभाऊंच्या सल्ल्याप्रमाणे डॉ. शाहांच्या टायकडे पाहिलं. त्याने तो वास केव्हाच ओळखला होता. ज्या वासात माणूस रांगायला शिकला, तो ओळखायला डिग्री लागत नाही. मनातल्या मनात त्याने गावदेवीला नारळ बोलला. दुसऱ्या झुळुकीला त्याने नारळांची संख्या पाच केली.

"अमाइन!" डॉ. शाह खुर्चीवरून उठले. तळमजल्यावरच्या गोदामात अमाइनची, म्हणजे मासळीसारखा वास येणाऱ्या विषारी रसायनाची, पिंपं होती. "लीक आहे! सगळे बाहेर!" आणि त्यांनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

भोंगा असा वाजला की शेजारच्या कारखान्यातली माणसंही फाटकाशी आली. दोनशे माणसं जिने उतरून करंजाच्या झाडाखाली, जमण्याच्या जागेच्या हिरव्या पाटीपाशी, रांगेने उभी राहिली. सेफ्टी ऑफिसर सुजीत हेल्मेट घालून, कर्णा घेऊन सगळ्यांना शांत राहायला सांगत होता, आणि शांत नव्हता तो एकटाच. मुखवटे घातलेली दोन माणसं आत गेली.

झाडाखाली लॅबचे आठ शास्त्रज्ञ एकत्र जमले आणि वाद सुरू झाला. एक म्हणाला अमोनिया. एक म्हणाला गंधकाचं काहीतरी. एकाने गटार तुंबल्याची शक्यता मांडली, त्याच्याकडे बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं. बिस्किटवाले डॉक्टर खिशातलं शेवटचं बिस्किट खात बाजूला उभे होते. त्यांनी धीरजला जवळ बोलावलं.

"दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं याच नाकावर पोट भरलं आणि आता दुसऱ्यांना विचारावं लागतं. तुमच्या नाकाला काय वाटतं?"

मुलाखतीत कुणी न विचारलेला प्रश्न, शेवटी झाडाखाली विचारला गेला. धीरजला राहवलं नाही.

"ट्रायमिथाइल अमाइन," तो म्हणाला. "पण पिंपातलं नाही, सर. पिंपातलं असतं तर डोळे झोंबले असते. याने डोळ्यांना काही होत नाही, म्हणजे प्रमाण अगदी थोडं आहे. आणि एकटंही नाही. मागे खारटपणा आहे, थोडं तेल उन्हात तापल्यासारखं आहे. शिवाय गोदाम तळमजल्यावर आहे, आणि वास आला वरून, एसीतून. सुरुवात पहिल्या मजल्यावर झाली असणार. गोदाम ठीक असेल. कुणाला काही होणार नाही."

आठही शास्त्रज्ञ वाद सोडून त्याच्याकडे वळले. समिधा मॅडमनी फोन खाली घेतला. म्हातारे डॉक्टर त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "शाह, हा मुलगा घ्या."

पांढरा कोट त्याला समोर दिसायला लागला, खिशावर नाव शिवलेला. त्याने फक्त गप्प राहायचं होतं. पिशवीवर त्याचं नाव नव्हतं, नंबर होता.

आणि नेमकी तेव्हाच मुखवटेवाली माणसं बाहेर आली. एकाच्या हातात लांब चिमटा होता, चिमट्यात सुलूकाकीची पिशवी होती. दुसऱ्याने बादली आणली होती.

"सापडलं!" सुजीत कर्ण्यातून ओरडला. "गोदाम ठीक आहे! हे सॅम्पल आहे! मागे सरका, यावर ॲसिड ओततोय!"

धीरजला पिशवी दिसली. दारात उभी असलेली तेजल दिसली, जी सकाळपासून वाट पाहत असणार. सुलूकाकीच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. पांढरा कोटही दिसत होताच. त्याने एकदा डोळे मिटले.

"थांबा!" तो रांग मोडून धावला. "ओतू नका! तो जवळा आहे!"

दोनशे माणसं वळली. "काय आहे?" डॉ. शाह म्हणाले.

"सुका जवळा, सर. माझा आहे. म्हणजे सुलूकाकीचा आहे, तिच्या तेजलसाठी. तिला सातवा महिना आहे, ती काही खात नाही. मी गेटवर खोटं बोललो. मला लाज वाटली. पण ॲसिड नका ओतू, पाया पडतो."

मग रांगेच्या टोकाला एका कामगाराने "अरे, जवला!" असं जुना मित्र भेटावा तसं म्हटलं, आणि त्या झाडाखाली हशा उसळला. समिधा मॅडम तर डोळे पुसत होत्या. हसले नाहीत दोघंच. एक डॉ. शाह, ज्यांनी आयुष्यात मासा पाहिला होता तो फक्त काचेच्या टाकीत. आणि दुसरा सुजीत, ज्याला आता या भोंग्याचा अहवाल लिहायचा होता.

"सर, मी समजू शकतो," धीरज खाली मान घालून म्हणाला. "नोकरी गेली ती गेली."

समिधा मॅडमचं हसू ओसरलं. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "धीरज, ती जागा मंगळवारीच भरलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिघांच्या मुलाखती झाल्याचं कागदावर लागतं, म्हणून बोलावलं तुम्हाला. खरंच सॉरी."

म्हणजे ज्या नोकरीवर त्याने पाणी सोडलं, ती नोकरी मुळात नव्हतीच. त्यागातसुद्धा फसवणूक व्हावी, असं नशीब कुणाकुणाचं असतं! धीरजला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात सुजीत कागद घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं.

"हे बघा, यंदाचं मॉक ड्रिल राहिलंच होतं," तो म्हणाला. "दोनशे माणसं साडेचार मिनिटांत बाहेर. मी ड्रिल झालं असं लिहितो. आणि सॅम्पल नष्ट केलं असं लिहितो. तुम्ही ते घेऊन लवकर नष्ट व्हा."

चिकू म्हाताऱ्या डॉक्टरांनी ठेवून घेतले. मिक्सरचं भांडं मात्र सुटलं नाही. ते 'इक्विपमेंट' म्हणून आत गेलं होतं. बाहेर यायला स्टोअरच्या साहेबाची सही लागत होती, आणि साहेब भोंगा ऐकून जो घरी गेला तो परतलाच नव्हता.

तेजल दारातच होती. तिने पिशवी हातातून अक्षरशः ओढून घेतली, तव्यावर मूठभर जवळा परतला, वर कांदा आणि लिंबू घातलं, आणि उभ्या उभ्या तांदळाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी तिने धीरजला वाढली. पोट भरल्यावर तिने विचारलं, "मुलाखत कशी झाली रे, दादा?" त्याने सगळं सांगितलं. ती इतकी हसली की शेवटी तिने पोटावर हात ठेवला. "ह्यो बग, पोरगा पन लाथा मारतोय," ती म्हणाली. धीरजलाही हसू फुटलं. इतका वाईट दिवस इतका चवदार असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

घरी पोचला तेव्हा सगळी आळी ओटीवर होती, कारण तेजलचा फोन त्याच्या रिक्षाच्या आधी पोचला होता. भांडं परत आलं नाही म्हणून रामाभाऊ चिडतील अशी त्याला धास्ती होती. पण रामाभाऊंनी सही नसल्याचं ऐकून मान डोलावली. "बरोबर हाय. पासबिगर सुईपन सोडायची नाय गेटवरून." सुलूकाकीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आत्माराम झोपाळ्यावर बसून होते. लोक पांगल्यावर ते म्हणाले, "आट जन होते?"

"कोण?"

"शास्त्रज्ञ. आट होते, आनि कुनाला कललं नाय, तुला कललं?"

"बाबा, मला कळलं त्यात काय? जवळा आहे हे मला आधीच ठाऊक होतं."

"जवला हाय ते सगल्या घिवलीला ठाऊक हाय," आत्माराम म्हणाले. "आमी साट वर्षं वास घेतो. त्याला नाव हाय, ते आमाला नाय ठाऊक. काय म्हनालास तू? परत म्हन."

"ट्रायमिथाइल अमाइन."

आत्मारामांनी ते ओठांत घोळवून पाहिलं, जमलं नाही, पण आवडलं. मग त्यांनी मनोरला फोन लावला. "खुर्चीवर दुसरा कोन बसव," ते मेहुण्याला म्हणाले. "आमचा धीरज नाय येत. का म्हंजे? त्याला कलतं, म्हनून."

धीरज ओटीवरून उठून वाडीत गेला आणि चिकूच्या झाडामागे उभा राहून थोडा रडला. आनंदाने रडला, यात काही लपवण्यासारखं नाही.

दीड महिन्याने सुजीतचा फोन आला. मोठ्या ऑफिसातून पाहणीला माणसं येणार होती, ड्रिल पुन्हा करायचं होतं, आणि खोट्या धुराला कामगार दाद देत नव्हते. "अर्धा किलो आणाल का?" त्याने विचारलं. "आणि डॉक्टर म्हणतात, ड्रिल झाल्यावर आमच्या नव्या मुलांना तासभर वासांबद्दल शिकवा. मानधन आहे. जमलं तर दर महिन्याला."

या वेळी आत्मारामही बरोबर निघाले. निमित्त रामाभाऊंचं भांडं सोडवण्याचं होतं. फाटकावर तोच भय्या, तीच वही. त्याने पिशवीवर बोट ठेवलं. "ये क्या है?"

मागे माणसं उभी होती, त्यात कोटवालेही होते. धीरजने टाय सारखा केला.

"जवळा," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "सुका जवळा. घिवलीचा."

भय्याने तसंच लिहिलं. मग त्याने पाहुण्यांची वही ओढली, सुजीतने पाठवलेला कागद पाहिला, आणि कामाच्या रकान्यात सावकाश अक्षर काढलं. धीरज आत गेला. आत्माराम तिथेच रेंगाळले. वहीतलं त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा घरी राहिला होता.

"काय लिवलंय माज्या पोराच्या नावापुढं?" त्यांनी विचारलं.

"एक्सपर्ट," भय्या म्हणाला. "मतलब, जानकार आदमी."

आत्मारामांनी आपल्या पिशवीतून दोन चिकू काढून त्याच्या टेबलावर ठेवले. "परत एकदा वाच," ते म्हणाले.